नव्या गाडीत डोकं भणभणतं, पण मोबाईल म्हणतो आवाज तेवढाच आहे

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंनी चार सिलिंडरची जुनी हॅचबॅक विकून तीन सिलिंडरची पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. बायपासवर ताशी ८० ला त्यांच्या मिस्टरांनी मोबाईलच्या ॲपवर आतला आवाज मोजला, तर ७१ डेसिबल. जुन्या गाडीत ७० यायचा. म्हणजे फरक नाहीच, असं मिस्टरांचं म्हणणं. ताई म्हणतात, उज्जैनला जाऊन आलं तरी डोकं जड होतं, जुन्या गाडीत असं कधी झालं नाही. ॲक्सेसरीवाल्याने पूर्ण गाडीच्या डॅम्पिंगचे (पत्र्यावर थरथर मारणारी शीटं चिकटवण्याचे) तीस हजार सांगितले आहेत, ते करावं का? शिवाय नव्या फ्रीजच्या माहितीपत्रकात ३८ डेसिबल लिहिलंय, तरी रात्री झोपायच्या खोलीत घरघर येते. आणि मिक्सर हल्ली कान फोडतो, त्याने सासूबाईंचे कान जातील का, हेही विचारलंय.

ताई, तुमची तक्रार खरी आहे आणि मोबाईलचा आकडाही फार चुकीचा नसावा. घोळ आहे तो त्या आकड्याच्या शेपटाला असलेल्या ‘ए’मुळे. इंदूरजवळच्या पीथमपूरकडे गाड्यांच्या आवाजाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आणि मीटर एक सांगतो अन् गिऱ्हाईक दुसरंच सांगतं हा प्रसंग तिथे नेहमीचा. अशा वेळी मी आधी गिऱ्हाइकाचं ऐकतो.

ॲप दाखवतं ते बहुतेक वेळा नुसते डेसिबल नसतात, डेसिबल-ए असतात. आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही, खर्जाच्या बाबतीत तो बराच मंद आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी अमेरिकेत माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून कान कुठे किती मंद आहे याचे आलेख काढले. त्यातल्या हळू आवाजाच्या आलेखावरून मीटरमधलं ए-वेटिंग आलं. म्हणजे मीटर आधी खर्ज कापतो आणि मग बेरीज करतो. १००० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) काहीच कापत नाही, १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ५० हर्ट्झला ३० आणि २० हर्ट्झला तब्बल ५०. आता मेख अशी की ही कापाकापी हळू आवाजासाठी ठरवलेली आहे. खर्ज जोरात वाजायला लागला की कान त्याला तेवढी सूट देत नाही, मीटर मात्र देतच राहतो.

तुमच्या गाडीचं गणित करून बघू. ताशी ८० ला वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास असेल. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे तीन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला ५०. हा झाला ५० हर्ट्झचा खर्ज. समजा तो केबिनमध्ये ९० डेसिबलने घुमतोय. मीटर त्यातले ३० कापणार, उरले ६०. टायर आणि वाऱ्याच्या ७१ मध्ये हे ६० मिळवले तर बेरीज होते ७१.३. डेसिबलची बेरीज साधी नसते, ७० आणि ७० मिळून ७३ होतात, तसंच हे. म्हणजे ज्याने तुमचं डोकं उठवलं त्याची मिस्टरांच्या ॲपवर किंमत ०.३ डेसिबल. जुनी गाडी चार सिलिंडरची होती, त्याच वेगाला तिचं इंजिन २४०० वर फिरत असेल तर स्फोट सेकंदाला ८०. तो सूर वरचा, कानाला ‘इंजिनचा आवाज’ म्हणून ओळखू येणारा. ५० हर्ट्झचा सूर म्हणून वेगळा ओळखू येत नाही. छातीत, कानशिलात दाब असल्यासारखं वाटतं आणि तासाभराने माणूस उगाच चिडचिड करायला लागतो. आमच्याकडे याला बूमिंग म्हणतात.

मोबाईलबद्दलही एक सांगतो. त्याचा माइक बोलणं टिपण्यासाठी असतो, त्यामुळे खर्ज तो स्वतःहूनच गाळतो. आमचा मीटर रोज काम सुरू करण्याआधी कॅलिब्रेटरवर लावतात. कॅलिब्रेटर १००० हर्ट्झला ९४ डेसिबलचा एकच सूर काढतो, आणि मीटरने तेवढंच दाखवलं तर पुढचं मोजमाप. मोबाईलला असं काही नाही. एकाच मोबाईलवर दोन गाड्यांची तुलना चालून जाते, पण तिथेही फसगत आहे. गाडीच्या आतला आवाज मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ५१२८, त्यानुसार माइक सीटवर, डोक्याच्या उंचीला, मधल्या रेषेच्या थोडा बाजूला धरतात. मिस्टरांनी मोबाईल एकदा कप होल्डरमध्ये आणि एकदा डॅशबोर्डवर ठेवला असेल तर दोन-तीन डेसिबल तिथेच गेले. दुसरं, स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही असा नियम आहे, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात, आणि किती पुढे ते गाडीगणिक वेगळं. एका गाडीचं ८० म्हणजे खरे ८० आणि दुसरीचं खरे ७६ असेल, तर तेवढ्यानेच टायरच्या आवाजात जवळपास पाऊण डेसिबल फरक पडतो. तुमचा सगळा वाद एका डेसिबलचाच आहे! वेग जीपीएसवर बघा, रस्त्याचा तोच तुकडा, तीच दिशा, काचा बंद, एसीचा पंखा बंद. खरखरीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर आलं तरी आतला आवाज पाच-सहा डेसिबलनी पडतो. आणि सिमेंटच्या रस्त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात ना, त्या २ सेंटिमीटरवर असतील तर ताशी ८० ला टायर त्यांच्यावर सेकंदाला सुमारे ११०० वेळा आपटतो. ती शिट्टी गाडीची नसते, रस्त्याची असते. म्हणूनच चाचण्या ट्रॅकवर करतात. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे एकच वेग धरून बसता येतं, मध्ये टेम्पो येत नाही. बायपासवर ते सुख कुठलं.

शोरूमवाला कदाचित सांगेल की गाडी सरकारी आवाज चाचणीत पास आहे. असणारच. पण ती चाचणी बाहेरच्या आवाजाची. गाडी ५० च्या वेगाने आणून ठरलेल्या रेषेवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि साडेसात मीटरवरच्या माइकवर मोजतात. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना २००५ मध्ये ७४ डेसिबलची मर्यादा आली. ती रस्त्यावरच्या लोकांसाठी आहे, आत बसणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

आता खर्ज येतो कुठून ते शोधा. याला मीटर लागत नाही. मिस्टरांना गाडी चालवू द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. ताशी ८० ला घुमायला लागलं की वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्यायचा. घुमणं गेलं किंवा सूर बदलला तर इंजिन. रस्ता मोकळा असेल तर दोन सेकंद क्लच दाबून बघा. इंजिनच्या फेऱ्या खाली येतात, वेग तोच राहतो. तरीही घुमत असेल तर रस्ता आणि बॉडी. मग मागची काच बोटभर उघडा. तेवढ्याने दाब हलका झाल्यासारखा वाटला तर केबिनमधली हवाच घुमत होती, आणि तिला हलवणारा बहुतेक वेळा मागचा दरवाजा असतो. हॅचबॅक-एसयूव्हीचा तो मोठा पत्रा खडबडीत रस्त्यावर डफासारखा वाजतो. (मागची एकच काच पूर्ण उघडल्यावर जे ‘भप् भप्’ होतं ते निराळं. ते १५-२० हर्ट्झचं, शंभर डेसिबलच्या वर सहज जातं आणि ॲपवर जवळजवळ दिसत नाही. पुढची काच थोडी उघडली की थांबतं.)

इंजिन निघालं तर पहिला उपाय फुकटचा आहे. मायलेजच्या लोभाने आपण लवकर वरचा गिअर टाकतो. एबी रोडवर ताशी ४५ ला पाचवा गिअर म्हणजे इंजिन ११०० च्या आसपास, स्फोट सेकंदाला २८. तीन सिलिंडरच्या गाडीला याहून वाईट काही नाही. चौथ्यात चालवा. पेट्रोल नावाला जास्त जाईल, डोकं शांत राहील. सिग्नलला उभी असतानाही स्टिअरिंग आणि सीट थरथरत असेल तर सर्व्हिस सेंटरला इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते, बघायला सांगा. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच डोलतं, आणि त्याचं डोलणं बॉडीपर्यंत जाऊ न देण्याचं सगळं काम त्या रबरांवर असतं. एखादं माउंटिंग ताण देऊन बसवलं गेलं असेल तर नव्या गाडीतही थरथर आत येते. बोल्ट सैल करून, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून, आपल्या जागेवर बसू देऊन पुन्हा आवळणं ही चांगल्या मेकॅनिकला माहीत असलेली गोष्ट आहे.

मागचा दरवाजा निघाला तर त्याच्या दोन्ही कडांना रबराचे ठोकळे बघा, दरवाजा बंद झाल्यावर ते बॉडीवर टेकतात. बऱ्याच गाड्यांत ते आटे फिरवून बाहेर काढता येतात. ठोकळ्यावर खडूचं पीठ लावा, दरवाजा बंद करून उघडा. समोर खडू उमटला नाही तर ठोकळा टेकतच नाहीये, दरवाजा फक्त मधल्या लॉकवर लटकतोय. अर्धा-एक फेरा बाहेर काढा, खडू उमटेपर्यंत. फार काढलात तर दरवाजा लागायला जोर लागेल, तिथे थांबायचं. या कामाला कोणी पैसे घेत नाही आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

तीस हजारांचं डॅम्पिंग. दुकानदार दरवाजावर बोटाने टकटक करून दाखवेल. आधी ‘टण्ण’, शीट लावल्यावर ‘ठप्प’. खरंच तसं होतं, आणि म्हणूनच ते विकलं जातं. ब्यूटाइल या रबराचं शीट पत्र्याचं थरथरणं मारतं. दरवाजा लावताना आवाज भारदस्त येतो, स्पीकर सुधारतात, पावसाचा तडतडाट कमी होतो. पण माउंटिंगमधून येणारा ५० हर्ट्झ त्याने हलत नाही. त्यावर चिकटवतात तो फोम वरच्या सुरांना उपयोगी, खर्जाच्या जवळपास सात मीटर लांब लाटेला सेंटिमीटरभर फोम काय करणार? आवाज अडवायचा तर वजन लागतं. वजन दुप्पट केलं की जेमतेम ५-६ डेसिबल मिळतात, तेही कुठे फट नसेल तर. शंभरात एक भाग जरी उघडा राहिला, तरी तुम्ही शिसं लावलंत तरी २० डेसिबलच्या वर अडणूक होत नाही. म्हणून मी आधी फटी बघतो. दरवाजाच्या रबरात दहाची नोट धरून दरवाजा लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट यायला हवी, जिथे सुळकन निघते तिथून वारा शिरतो. वाऱ्याचा आवाज वेगासोबत भयंकर वाढतो. वेग दुप्पट झाला तर सुमारे १८ डेसिबल, टायरचा त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्त. म्हणजे गावात न जाणवणारी फट महू सोडल्यावर जाणवायला लागते. फटींवर रंगकामाची कागदी टेप लावून एक चक्कर मारायची, मग एकेक टेप काढत जायचं. ज्या टेपेसरशी ‘सूं’ परत आलं ती फट. मोठ्या कंपन्याही याच पद्धतीने शोधतात, फक्त त्यांची टेप महाग असते.

तेव्हा तीस हजार नको. करायचंच असेल तर चार दरवाजे आणि मागचा दरवाजा, पत्र्याच्या मधोमध शीट, सगळा पत्रा झाकायची गरज नाही. आणि समोर उभं राहून करून घ्या. दरवाजाच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. घाईत ती बुजवली की पावसाळ्यात आत पाणी साठतं आणि दोन वर्षांत खालून गंज. वायरिंग कापावं लागणार असेल तर वॉरंटीचं आधी लेखी विचारा.

टायरबद्दल एवढंच: युरोपातल्या टायरवरच्या लेबलवर डेसिबल असतात ते रस्त्याच्या कडेला ऐकू येणारे, केबिनमधले नाहीत. पुढे कधी ‘हूंऽऽ’ असा आवाज यायला लागला तर लगेच बेअरिंग बदलू नका. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे करा. वजन एका बाजूला गेल्यावर आवाज बदलला तर बेअरिंगचा संशय, नाही बदलला तर टायर उंचसखल झिजलाय.

आता फ्रीज. घरातल्या वस्तूंचे आकडे गाडीपेक्षा जास्त फसवे, कारण एकाच ‘डेसिबल’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी छापतात. युरोपच्या लेबलवर फ्रीजचा जो आकडा असतो तो साउंड पॉवर, म्हणजे यंत्र चहूबाजूंना मिळून किती आवाज फेकतं ते. तिथे ३० च्या खाली ए वर्ग, ४२ आणि वर डी. एसीच्या पत्रकातला आकडा सहसा ठरावीक अंतरावरचा, तोही पंखा सगळ्यात हळू असतानाचा. साउंड पॉवरमधून साधारण ८ वजा केले की मोकळ्या जागेत एक मीटरवरचा आवाज मिळतो. म्हणजे तुमच्या फ्रीजचे ३८ साउंड पॉवरचे असतील तर मीटरभर अंतरावर ३०, आणि ३८ चा एसी त्याहून बराच मोठ्याने वाजणारा. आपल्याकडच्या बीईईच्या, म्हणजे वीज बचतीच्या सरकारी संस्थेच्या, तारांकित लेबलवर वीज असते, आवाज नसतो. त्यामुळे दुकानात पाच तारे बघून आवाजाचा अंदाज बांधू नका.

पण मग ३० डेसिबलचा फ्रीज भिंतीपलीकडे का ऐकू येतो? साध्या कंप्रेसरची मोटर मिनिटाला २९०० च्या आसपास फिरते, म्हणजे ४८-४९ हर्ट्झ. पुन्हा तोच खर्ज, पुन्हा तीच ए-ची कापाकापी. त्यात आपल्या घरांतल्या खोल्या दहा बाय अकरा. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, आणि एवढ्या अंतरात जवळजवळ ५० हर्ट्झची अर्धी लाट बसते. खोलीच ती घरघर धरून ठेवते. अशा खोलीत आवाज भिंतीपाशी सर्वात जास्त आणि मधोमध सर्वात कमी. आज रात्री उशीजवळ ऐका, मग उठून खोलीच्या मध्यावर उभ्या राहून ऐका. फरक जाणवला तर पलंगाचं डोकं भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या किंवा पलंगाची दिशा बदला, उत्तरेला डोकं नको हा घरातला नियम सांभाळून. इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणारा) कंप्रेसर असेल तर सूर रात्रभर वर-खाली होत राहतो, तिथे हा उपाय अर्धाच चालेल.

त्याआधी फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागची नळी भिंतीला टेकत नाही ना बघा. चारही पाय जमिनीला टेकताहेत का ते कोपरे दाबून तपासा, एक पाय अधांतरी असला की फरशी वाजते. फ्रीजवरचे स्टीलचे डबे खाली उतरवा. निम्म्या तक्रारी डब्यांच्याच असतात.

मिक्सरने सासूबाईंचे कान जाणार नाहीत. हातभर अंतरावर मिक्सर ८५ ते ९५ भरतो, ऐकायला भयंकर. पण कानाचं नुकसान आवाज आणि वेळ यांच्या हिशोबाने होतं. ८५ डेसिबल-ए आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेचा हिशोब आहे. त्यानुसार ९४ ला एक तास मिळतो. सासूबाईंचं दाण्याचं कूट तीन मिनिटांत होतं, म्हणजे दिवसाच्या कोट्याचे पाच टक्के. दिवसभर मिक्सर चालवणाऱ्या ज्यूसवाल्या पोराची काळजी मला जास्त वाटते. आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, डीजेच्या गाडीला चिकटून चालणाऱ्या आपल्या पोरांची तर फारच. घरी आल्यावर कानात ‘टींऽऽ’ वाजत असेल तर कोटा कधीच संपलेला असतो. पुढच्या वर्षी फोमचे इअरप्लग घालून पाठवा. दहा-वीस रुपयांना मिळतात आणि रंगात कोणाला दिसतही नाहीत.

‘हल्ली’ कान फोडतो म्हणालात, म्हणजे काहीतरी झिजलंय. भांडं काढून मिक्सरवरचा रबर-प्लास्टिकचा कपलर बघा, त्याचे दात गोल झालेत का. तसाच जोड भांड्याच्या खालीही असतो. दात झिजले की भांडं नीट पकडत नाही आणि सुरुवातीला ‘खर्रर्र’ होतं. ते बदलायला रिपेरिंगवाल्याकडे फार खर्च येत नाही. बदलताना लक्षात ठेवा, कपलरचे आटे बऱ्याच मिक्सरमध्ये उलटे असतात, नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर अजून आवळला जाईल. कपलर चांगला असेल आणि आवाज भांड्याशिवायही येत असेल तर कार्बन ब्रश किंवा मोटरचं बुश गेलंय. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर मिक्सरखाली जाड रबरी मॅट टाका. पायाचे रबर कडक झाल्यावर अख्खा ओटा त्याच्याबरोबर वाजतो.